अण्णांचा छोटा ट्रॅक्टर

मंडळी, विश्वामित्रीच्या ट्रॅक्टर कारखान्यात कुणाच्या घरचं कोणी नोकरीला होतं का, असं मागच्या आठवड्यात इथे एका काकांनी विचारलं होतं. तिथे मी फक्त "हो, आमचे अण्णा" एवढंच लिहिलं. खरं तर लिहायचं बरंच होतं. पण त्यात माझी एक चोरीही आहे, म्हणून हात थांबला होता. आता लिहूनच टाकतो. जरा लांब होईल, चहा घेऊन बसा.

कारखाना १९५९ चा. चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर कंपनीशी सहकार्य करून तिथे 'हिंदुस्तान' ट्रॅक्टर बनायचे. १९७८ मध्ये गुजरात सरकारने तो घेतला आणि पाटी बदलून गुजरात ट्रॅक्टर कॉर्पोरेशन झाली, पुढे महिंद्राकडे गेला. अण्णा पाटी बदलली तरी त्याच बाकावर. इंजिन जोडणीत फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात जाणारे ट्रॅक्टर जोडले. स्वतःचं शेत नव्हतंच. आम्ही दांडिया बाजारात दोन खोल्यांत राहणारी माणसं. तुळस आणि एक गवती चहाचं डबडं, एवढीच आमची शेती.

पण अण्णांच्या डोक्यात हिरवळ होती. त्यांचे आजोबा सरकारवाड्याच्या खानगी खात्यात कारकून. त्यांचं बोट धरून लहानपणी अण्णांनी लक्ष्मीविलासची हिरवळ पाहिली होती. तिच्यावर बैल जुंपलेलं घास कापायचं यंत्र फिरताना पाहिलं, असं ते सांगत. (राजवाडा १८९० चा. त्याच्या बागा आखल्या विल्यम गोल्डरिंग नावाच्या विलायती माणसाने.) हे यंत्र मुळात कुठून आलं याचीही एक गंमत आहे. १८३० च्या सुमारास इंग्लंडमध्ये एडविन बडिंग नावाच्या कारागिराने कापडगिरणीत लोकरी कापडावरचे तंतू छाटायचं पात्यांचं रूळ पाहिलं आणि तेच जमिनीवर आडवं चालवलं. पुढे मोठ्या हिरवळींसाठी त्याला घोडे जुंपायला लागले, तेव्हा खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून घोड्यांना चामड्याचे बूट घालत. हे वाचून मी अण्णांना विचारलं, तुमच्या बैलांना बूट होते का? म्हणाले, "बैलाला कसले बूट? माणसांना नव्हते."

१९८६ मध्ये वडसरकडे वीस गुंठ्यांचा प्लॉट मिळाला. तेव्हा तिकडे रात्री कोल्हे ओरडायचे आणि रिक्षावाले यायला नाही म्हणायचे, म्हणून आपल्याला परवडला. त्यासाठी आईच्या पाटल्या गेल्या. त्यामुळे तिथे काय लावायचं यावर तिचा पहिला हक्क होता, आणि तिला हवे होते वाल, मेथी, वांगी, रताळी. अण्णा म्हणाले पुढे हिरवळ. आई म्हणाली, "हिरवळ खायची का?" शेवटी पुढे हिरवळ, मागे भाजी, मध्ये घर, कडेने चिकू आणि आंबे अशी वाटणी झाली. ही वाटणी शेवटपर्यंत टिकली, पण पावसाळ्यात हिरवळ वर्षाला वीतभर मागे सरकायची. आई कुदळ कधी मारायची ते कुणाला दिसलं नाही.

निवृत्तीनंतर काही वर्षं अण्णा ढकलायच्या यंत्राने घास कापत. मग गुडघे बोलायला लागले. २००४ मध्ये पादऱ्याजवळच्या एका बागायतदाराकडून त्यांनी जुना छोटा ट्रॅक्टर उचलला. मित्सुबिशी शक्ती, साडेअठरा घोड्यांचा, तीन सिलिंडरचा. आपण बैलगाडीच्या वाटेने जातो तिथून जाईल एवढीच रुंदी, चिकूच्या दोन ओळींत वळेल एवढा. आई ओसरीवर उभी राहून म्हणाली, "आयुष्यभर मोठे जोडलेत आणि घरी आणलात हा बाळट्या." तेव्हापासून त्याचं नाव बाळट्या.

घरच्या अंगणात ट्रॅक्टर हे ऐकून लोक हसतात. आमचे शेजारी भाईही हसले होते. "मराठीकाका, वीस गुंठामां ट्रॅक्टर?" पण वर्षभरात त्यांची लारीभर माती, विटा, मांडवाच्या खुर्च्या, सगळं बाळट्याच्या ट्रॉलीतून यायला लागलं. सोसायटीचा गणपती तर सलग चौदा वर्षं त्यानेच तलावावर नेला. पुढे अण्णा टोपी घालून स्टिअरिंगवर, मागे पोरं, आणि ढोलवाल्यांपेक्षा हळू चालायचं म्हणून पहिला गिअर. धूर मात्र मूर्तीकडे जाऊ नये म्हणून सायलेन्सरला त्यांनी आडवी नळी लावली होती.

घास कापायचं स्लॅशर त्यांनी मकरपुरा जीआयडीसीत एका लेथवाल्याकडे बसून करून घेतलं. पाती ट्रकच्या मोडक्या पाट्यांची. ही पाती दर दोन कापण्यांनंतर उतरवून धार लावायची आणि मग मधल्या भोकातून खिळ्यावर टांगून बघायची. एक बाजू खाली गेली तर तिकडचं थोडं घासायचं. वजन सारखं नसेल तर सगळं यंत्र थरथरतं आणि बेअरिंग जातं. बोथट पात्याने घास कापला जात नाही, फाटतो, आणि दुसऱ्या दिवशी सगळी हिरवळ वरून तपकिरी दिसते. आई लांबून बघूनच सांगायची, "आज धार लावली नाहीत वाटतं." एका वेळी घासाच्या उंचीचा तिसरा हिस्साच काढायचा. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस ट्रॅक्टर हिरवळीवर न्यायचा नाही. आमची माती काळी, ओल्यात चाकाची घळ पडली की दिवाळीपर्यंत ती घळ तशीच राहते. आणि काम झालं की स्लॅशरच्या पोटात चिकटलेला ओला घास लगेच खरवडायचा. उद्यावर टाकला तर पत्रा खाऊन टाकतो.

या सगळ्यात अण्णा एरवी मऊ. पण मागच्या फिरत्या दांड्याच्या बाबतीत ते हिटलर होते. ट्रॅक्टरच्या मागून निघणारा तो पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला नऊ. त्यात कपडा अडकला तर हात काढायलासुद्धा वेळ मिळत नाही. कारखान्यात असताना त्यांनी कुठल्या तरी गावचा असा माणूस पाहिला होता, त्याचं धोतर अडकलं होतं. त्याविषयी ते कधी पुरतं बोलले नाहीत. पण आमच्याकडे नियम होता: दांड्यावर प्लास्टिकचं कव्हर नसेल तर इंजिन सुरू होणार नाही, पदर, ओढणी, सोगा, उपरणं मागच्या बाजूला येणार नाही, आणि पोरं ओसरीच्या खाली उतरणार नाहीत. माझी लेक सहा वर्षांची असताना चेंडूमागे खाली उतरली. अण्णांनी इंजिन बंद केलं, उतरले, तिला उचलून ओसरीवर ठेवलं आणि त्या दिवशी अर्धी हिरवळ तशीच राहिली. तिला एक शब्द बोलले नाहीत. मला मात्र बोलले.

पावसाळ्यापूर्वी बाळट्याला शेडमध्ये ठेवायचा विधी असायचा. डिझेलची टाकी काठोकाठ भरायची, कारण रिकाम्या जागेतल्या हवेला घाम येतो आणि तो डिझेलमध्ये उतरतो. बॅटरीची वायर सोडायची, कडव्यांना व्हॅसलिन, बॅटरी फळीवर. क्लचचा पेडल दाबून त्याखाली लाकडाची खुंटी, नाहीतर दमट हवेत क्लच प्लेट चिकटून बसते. उंदीर वायर खातात म्हणून बॉनेटमध्ये डांबराच्या गोळ्या आणि आईच्या नकळत तिच्या तंबाखूच्या मशेरीची पुडी. सायलेन्सरच्या तोंडावर डालड्याचा जुना डबा उपडा. आणि खंडेनवमीला झेंडूचा हार, पाना-पकडीला हळदकुंकू, मग लिंबू चाकाखाली. लिंबू आई ठेवायची. ती २०१६ मध्ये गेली, त्यानंतर ते मी ठेवायला लागलो.

आता २०१९.

३१ जुलै बडोदेकरांना सांगायला नको. एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस, रस्त्यात मगरी, आणि टोपलीत तान्हं मूल डोक्यावर घेऊन गळाभर पाण्यातून चालणारा तो पोलीस. अण्णा तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला ताईकडे होते. मी मांजलपूरला फ्लॅटमध्ये. वडसरला पोचायला मला चौथा दिवस उजाडला. घरात गुडघाभर चिखल, फ्रिज आडवा पडलेला, आईच्या भाजीच्या जागी कुणाचं तरी दार येऊन बसलेलं. शेडमध्ये बाळट्या उभा होता. भिंतीवरची चिखलाची रेघ त्याच्या सीटच्या जरा वर होती. डालड्याचा डबा मात्र तसाच जागेवर, याचं मला हसू आलं.

फोनवर अण्णांनी घराचं काही विचारलं नाही. म्हणाले, "पाणी कुठवर होतं?" मी सांगितलं. बराच वेळ गप्प. मग, "चावीला हात लावू नकोस. मी येतो."

डॉक्टरांनी त्यांना तीन आठवडे प्रवासाला नाही म्हटलं होतं. डोळ्याला पट्टी बांधलेला ७८ वर्षांचा माणूस येऊन काय करणार? मी विचार केला, तो येईपर्यंत आपण चालू करून ठेवू. मी बँकेत नोकरी केली, अण्णांना ते कधी लागलं नाही, पण मला लागायचं. त्यांच्या हाताखाली नुसता टॉर्च धरून मी मोठा झालो. एकदा तरी बाळट्या माझ्या हाताने सुरू व्हावा, असं वाटलं. हेच खरं कारण. बाकी सगळी नंतर जोडलेली.

मी अगदी काहीच न करता चावी लावली असंही नाही. चेंबरमधलं ऑइल काढलं, ते दूध घातलेल्या चहासारखं झालं होतं. नवीन ऑइल, नवीन फिल्टर. टाकीतलं डिझेल बदललं. एअर क्लीनर धुतला. दोन दिवस कडक ऊन दाखवलं. नवी बॅटरी आणली आणि सेल्फ मारला. टक्. एवढंच. पुन्हा, टक्. मला वाटलं इंजिन आखडलंय, जरा जोर हवा.

शेजारच्या भाईंची जीप होती. दोर बांधला, बाळट्याला तिसऱ्या गिअरमध्ये टाकला, आणि जीपने ओढलं. मागची चाकं फिरेनात, चिखलात नुसती घसटत गेली. मग एक मोठा हिसका, आतून 'कट' असा आवाज, आणि इंजिन सुरू झालं! पांढरा धूर, आम्ही टाळ्या वाजवल्या. भाईंनी शिट्टी मारली. साधारण अर्धा मिनिट ते चाललं. पण त्यात एक ठोका जास्तीचा होता. ठक, ठक, ठक, दारावर कुणी बोटाने वाजवावं तसा. मी बंद केलं.

संध्याकाळी मकरपुऱ्याचा मिस्त्री आला. त्याने फक्त विचारलं, "नोझल काढून फिरवलं होतं?" मी नाही म्हटलं. त्याने हात पुसले. "तुमारा पप्पा होता तो हे थवा ना देत."

झालं होतं ते असं. पूर येतो तेव्हा पाणी हवेच्या वाटेने आत शिरतं आणि ज्या सिलिंडरचा व्हॉल्व उघडा असेल त्यात जाऊन बसतं. ऑइल बदलून ते निघत नाही, उन्हाने सुकत नाही. डिझेल इंजिन हवा दाबून चालतं. हवा दबते, पाणी दबत नाही. सेल्फचा जोर कमी, म्हणून तो 'टक्' करून थांबला. इंजिन आखडलं नव्हतं, ते मला थांबवत होतं. मग मी जीप लावली. पिस्टन वर आला, पाणी हलेना, मधला कनेक्टिंग रॉड वाकला. आधी तिन्ही नोझल काढायची, पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने सावकाश फिरवायचं, पिचकारीसारखं पाणी बाहेर येतं. वीस मिनिटांचं काम.

मी मिस्त्रीला आणि भाईंना सांगितलं, अण्णांना बोलू नका. दोराच्या खुणा होत्या तिथे ग्रीस फासलं. चाकांच्या घसटीवर फावड्याने माती ओढली. वयाच्या बावन्नाव्या वर्षी.

अण्णा ऑगस्टअखेर आले. काळा चष्मा लावलेला. घरात गेलेच नाहीत, थेट शेडमध्ये. पुलीला पाना लावला, इंजिन हाताने फिरवलं, एका जागी थांबले, मागे फिरवलं, पुन्हा पुढे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून ऐकलं. मग मला म्हणाले, "ओढलात का रे?"

मी म्हटलं, "नाही हो अण्णा."

पुढच्या आठवड्यात त्यांनी इंजिन उघडलं. डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली की मी हाक मारायचो, ते हात वर धरून यायचे, थेंब घालून घ्यायचे आणि परत जायचे. तिसऱ्या दिवशी जेवायला बसलो तर माझ्या ताटाशेजारी वर्तमानपत्रावर तो रॉड ठेवलेला. स्वच्छ पुसून. लांबून सरळ दिसायचा. पट्टी लावली तर मध्ये फट पडत होती, साधारण सुपारीच्या खांडाएवढी. पट्टीही शेजारीच ठेवली होती.

अण्णांनी आमटी वाढून घेतली. म्हणाले, "पाण्याने गंज लागतो. रॉड वाकत नाही. हे ओढल्याशिवाय होत नाही." भात कालवला. "बॉनेटखाली ग्रीस कुणी लावलं? तिथे ग्रीस लावत नाहीत."

मी काहीतरी बोलायला लागलो. ते म्हणाले, "जेव आधी." जेवण झालं, हात धुतले, आणि शेडमधून हाक आली, "चौदाचा पाना घेऊन ये."

सप्टेंबर आणि ऑक्टोबर मी रोज बँकेतून थेट वडसरला. टॉर्च धरायचं काम माझ्याकडून काढून लेकीकडे गेलं आणि माझ्या हातात पाना आला. त्यांना ऑपरेशनच्या डोळ्याने बारीक खुणा दिसत नव्हत्या, म्हणून खुणा मी वाचायच्या आणि ते बोटाने तपासायचे. नवा रॉड, नव्या बेअरिंगच्या वाट्या, रिंगा, हेडची गास्केट. गिअरबॉक्समधूनही चार लिटरच्या आसपास गढूळ निघालं. एकदा मी बोल्ट जास्त आवळला तर माझ्या मनगटावर चापट बसली. लहानपणीसुद्धा त्यांनी मला कधी मारलं नव्हतं. मला ती चापट बरी वाटली, का ते विचारू नका. दसरा ८ ऑक्टोबरला होता, तोवर काही झालं नाही. खंडेनवमीला उघड्या इंजिनालाच हार घातला. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात बाळट्या जोडून झाला. अण्णा खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "लाव चावी." पहिल्या सेल्फला लागला. ठोका नव्हता. ते उठून आत चहा ठेवायला गेले.

त्या हिवाळ्यात त्यांनी शेडमध्ये चौथरा बांधून घेतला. भिंतीवर २०१९ ची रेघ ऑइलपेंटने काढली, तिच्याहून अर्धा फूट वर चौथऱ्याची माथी, आणि चढायला बावीस फुटांचा उतार. गवंडी म्हणाला, काका, एवढ्यात खोली झाली असती. २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, अण्णा गेले. घर विकायचं का, हे ताईने आणि मी दोनदा बोलून पाहिलं. दोन्ही वेळा बोलणं "बाळट्याचं काय?" इथे येऊन थांबलं.

२०२४ ची जन्माष्टमी आठवते? २६ ऑगस्ट. आदल्या रात्रीच आजव्याच्या बातम्या यायला लागल्या तसे लेक आणि मी वडसरला गेलो. बाळट्या चौथऱ्यावर चढवला. बॅटरी काढून माळ्यावर. हवेच्या तोंडावर प्लास्टिक, त्यावर रबरी पट्टा, सायलेन्सरला बूच, वर डबा. स्लॅशर चढवायला वेळ मिळाला नाही, तो खालीच राहिला. विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली. आम्ही पाच दिवसांनी पोचलो तेव्हा नवी रेघ अण्णांच्या रेघेच्या सव्वा फूट वर होती. म्हणजे चौथऱ्यावरही नऊ इंच पाणी आलेलं. ट्रॅक्टरच्या आसापर्यंत पोचलं नव्हतं. स्लॅशरची बेअरिंगं गेली, पात्यांवर गंजाचे पापुद्रे.

इंजिन कोरडंच असणार हे दिसत होतं. लेक बॅटरी घेऊन खाली आली, वायरी जोडल्या आणि चावीसाठी हात पुढे केला. आता ती इथे युनिव्हर्सिटीत मेकॅनिकलला आहे. मी म्हटलं, "थांब, आधी नोझल." ती म्हणाली, "बाबा, आत पाणी गेलेलंच नाही." मी म्हटलं, "माहितेय." तिने टॉर्च धरला, मी तिन्ही नोझल काढली, पुलीला पाना लावला आणि दोन पूर्ण फेरे हाताने फिरवलं. काही आलं नाही, नुसता फुस्स असा हवेचा आवाज. मग तिसरा फेरा तिने फिरवला.

स्लॅशरची पाती नव्याने करायची आहेत. ट्रकच्या पाट्यांचं काम करणारा मकरपुऱ्याचा तो लेथवाला आता नाही. कुणाला माहीत असेल तर खाली कळवा. आणि कारखान्याच्या इंजिन जोडणी विभागाचा साठ-सत्तरच्या दशकातला एखादा ग्रुप फोटो कुणाच्या घरी असेल तर जरूर टाका. अण्णा बहुतेक मागच्या रांगेत असतील, कानावर पेन्सिल.